तिसरा पाय

गेले तीन महिने या सदरात खंड पडला. काही वाचकांनी आपुलकीने चौकशी केली, "आजारी आहात काय?" त्यांना खरे उत्तर देण्याची मला थोडी लाज वाटत होती. मी न्हाणीघरात पडलो होतो.

माणसाने पडायचेच, तर निदान घोड्यावरून तरी पडावे, म्हणजे चारचौघांत सांगायला बरे वाटते. ब्रिटनच्या राजमाता १९९८ साली, वयाच्या ९७व्या वर्षी पडल्या, त्यासुद्धा घोड्यांच्या तबेल्यात. पण पोप जॉन पॉल दुसरे १९९४ साली मांडीचे हाड मोडून बसले, ते आमच्यासारखेच न्हाणीघरात. तेव्हा अगदीच वाईट पंगतीत बसलो नाही, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

आमच्या रेणापुरात पाण्याची धास्ती प्रत्येकाच्या अंगात मुरलेली आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हापासून रिकामे भांडे दिसले की ते भरून ठेवायचे, ही मला खोडच जडली. न्हाणीत तीन बादल्या, दोन घागरी आणि एक टीप, यांच्यामधून वाट काढीत असताना आषाढातल्या एका सकाळी ओल्या फरशीवरून पाय सरकला. उजवा पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले. उठवेना.

शेजारचे म्हातारबुवा धावत आले. "गुरुजी, हाडवैद्याला बोलवू का? पट्टी बांधली की बसतंय हाड." सूनबाई त्या वेळी सुट्टीला आली होती, म्हणून बरे. तिने कुणाचे न ऐकता गाडी बोलावली आणि दुपारच्या आत मी लातूरला पोहोचलो.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो दाखवून नीट समजावले. खुब्यात मांडीच्या हाडाचा एक गोळा असतो, त्याखाली मान. मोडली ती मान. तिथून गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाचे हे हाड नुसत्या पट्टीने सांधण्याची आशा धरू नये. गोळा काढून धातूचा बसवायचा. अमेरिकेतील ऑस्टिन मूर या सर्जनने १९४० साली असा धातूचा गोळा माणसाच्या खुब्यात बसवला होता. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६० नंतर सबंध सांधा बदलण्याची रीत पक्की केली. मी मात्र एकच विचारले, "आठ दिवस थांबून बघू या का?" डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, या मोडीत माणूस हाडाने मरत नाही, अंथरुणाने मरतो. छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया, आणि दुसऱ्या दिवशी उभे राहायचे."

माझा विश्वास बसेना. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा वजने बांधून आठवडेच्या आठवडे पडून असलेली माणसे मी डोळ्यांनी पाहिली होती. मांडी मोडली म्हणजे माणूस खाटेला लागला, अशीच माझी समजूत.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्या रात्री मात्र मी मोठा घोळ घातला. मध्यरात्री जाग आली ती भूकंप होतो आहे असे वाटून. "घर पडतंय, बाहेर व्हा!" असे ओरडत मी खाटेवरून उतरू लागलो. मंडळींनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला दोन्ही हातांनी दाबून धरले. त्यांनाही मी ओळखले नाही. सकाळी हे कळले तेव्हा मी पार खचलो. हाड गेले ते गेले, डोकेही गेले की काय? डॉक्टरांनी धीर दिला. उतारवयात शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम पुष्कळांना होतो. चष्मा जवळ ठेवावा, घरचे माणूस उशाशी असावे, म्हणजे तो बहुधा ओसरतो. माझा तिसऱ्या दिवशी ओसरला.

मग व्यायाम शिकवणारी मुलगी आली. वय माझ्या नातीएवढे, आवाज हेडमास्तरचा. "आजोबा, हाड डॉक्टरांनी बसवलं. पाय तुम्हालाच चालवायचाय." चार पायांचा घोडा हातात देऊन तिने मला उभे केले. (शेवटी घोडा मिळाला तो असा!) तिचे दोन धडे मी पाठ केले. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, उलट हातात धरायची. आणि जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही. त्यामुळे यंदा गणपतीची पूजा खुर्चीवर बसून केली. गणपतीची काही तक्रार आली नाही.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, "अण्णा, आता इथं दोघांनी राहायचं नाही. घर बंद करा आणि चला." मी भडकलो. चाळीस वर्षे या गावात मुले शिकवली, रेणुकामातेच्या नवरात्रात कधी गैरहजर राहिलो नाही. "दसऱ्याला मी माझ्या पायांनी ओट्याच्या तीन पायऱ्या उतरेन. उतरलो तर पुण्याचं नाव काढायचं नाही," असे सांगून मोकळा झालो.

दसऱ्याच्या दिवशी काठी घेतली, दुखरा पाय आधी टाकला आणि तीन पायऱ्या उतरलो. जुन्या विद्यार्थ्यांनी आपट्याचे सोने दिले. विजयी मुद्रेने आत आलो आणि मंडळींना म्हणालो, "जिंकलो!"

त्या भिंतीला टेकून गुडघे चोळीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही पडलात, ते साऱ्या गावानं पाहिलं. तीन महिने मी उभी आहे, ते कुणी पाहिलं नाही. तुम्हाला उठवायचं, बसवायचं, रात्री चार वेळा जागायचं. मला दोन महिने लेकाकडं जाऊन नुसतं निजायचंय."

मी काय बोलणार? अडुसष्ट वर्षांच्या या बाईच्या हाडांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. वास्तविक पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे पुरुषांपेक्षा लवकर विरळ होतात, हे त्याच डॉक्टरांनी मला सांगितले होते. मी ते माझ्या आजाराची माहिती म्हणून ऐकले.

तेव्हा आता असे ठरले आहे. दिवाळीचे दिवे रेणापूरच्या ओट्यावर लागतील. भाऊबीज झाली की दोघे पुण्याला जाऊ. तिथे प्रथम त्यांच्या हाडांची तपासणी होईल. तेवढ्या काळात इथल्या न्हाणीत पकडायला दांडे बसतील, फरशी खरखरीत होईल आणि बादल्या बाहेर जातील. संक्रांतीनंतर परत यायचे की नाही, हे या खेपेला त्या ठरवतील.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत आपल्या घरची न्हाणी एकदा पाहून घ्या. आणि घरात कुणी आजारी असेल, तर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसालाही विचारा, "तुम्ही कसे आहात?" मला हे विचारायला तीन महिने लागले. माझा तिसरा पाय मी काठीला समजत होतो. तो भिंतीला टेकून बसला होता.