रस्ता माणसाचा की मोटारीचा?

मुंबईच्या उपनगरात रात्री दहानंतर कोणत्याही गल्लीत शिरा. दोन्ही बाजूंना मोटारी, त्यांना चिकटून दुचाक्या, पदपथावर रिक्षा आणि मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. घाटकोपर असो, चेंबूर असो, मालाड असो की कांदिवली, चित्र एकच. याच वाटेने अडलेल्या बाईला इस्पितळात न्यायचे असते आणि आग लागली तर बंबही याच वाटेने यायचा असतो. पार्किंग हा सुखवस्तू लोकांचा विषय, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. हा समज जीवघेणा आहे.

६ ऑक्टोबर २०२३ ची पहाट आठवा. गोरेगाव पश्चिमेच्या उन्नत नगरात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीला आग लागली. तळमजल्यावर उभ्या केलेल्या गाड्या आणि कापडाचे गठ्ठे पेटले, धूर जिन्यातून वर चढला आणि झोपेतली माणसे अडकली. किमान सात जणांचे प्राण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. झोपडी गेली, पक्के घर मिळाले. पण त्या घरातून बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही हे कोणी पाहिले? पुनर्वसनाच्या किती इमारतींत आज जिन्याच्या तोंडाशी दुचाक्या उभ्या आहेत, हे ज्याने त्याने आज रात्रीच खाली उतरून पाहावे.

आता जरा हिशेब मांडू. मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा धरली आहे. म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर, सुमारे १४८ चौरस फूट. त्याच नियमावलीत झोपडपट्टीतल्या कुटुंबाला पुनर्वसनात ३०० चौरस फुटांचे घर. एका मोटारीच्या दोन जागा म्हणजे एका कुटुंबाचे अख्खे घर! त्या घरात पाच-सहा माणसे संसार करतात. घरासाठी त्यांना कागदपत्रे दाखवावी लागतात, पात्र-अपात्रतेच्या यादीत नाव शोधावे लागते. रस्त्यावर रात्रभर तेवढीच जागा अडवणाऱ्या मोटारीला मात्र कोणी कागद विचारत नाही. पदपथावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला हटवायला पालिकेची गाडी येते. तिच्या संरक्षणासाठी २०१४ साली पथविक्रेता कायदा झाला, तरी येते. तिच्या शेजारी पदपथावर चढवलेली मोटार तशीच उभी राहते. अतिक्रमण कोणाचे, हे कायद्यावरून ठरते की ऐपतीवरून?

रस्ता सर्वांचा, हा विचार या देशात आपोआप आलेला नाही. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, आणि तो अमलात यावा म्हणून १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव यांच्याबरोबर रस्ते हा शब्दही आला. सार्वजनिक पैशाची वस्तू कोणा एकाच्या मालकीची नाही, हा त्यामागचा विचार आहे. तो मानणाऱ्याने रस्ता अडवू नये आणि दुसऱ्याने अडवला तर गप्पही बसू नये.

म्हणून नियम माहीत असले पाहिजेत. पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगवर, चौकाच्या तोंडाशी, वळणावर, पुलावर, बसथांब्यापाशी, शाळा-इस्पितळाच्या दारात आणि उभ्या गाडीला लागून दुसरी गाडी लावण्यास कायद्याने मनाई आहे. काही रस्त्यांवर सम तारखेला एक बाजू आणि विषम तारखेला दुसरी असते. फलक वाचूनच गाडी लावा. राज्यात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू आहे. चलान मोबाईलवर येते, त्यातला गाडीचा क्रमांक, जागा आणि फोटो तपासा. दंड भरला तर पावती घ्या, हातात पैसे कोणालाही देऊ नका.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक निकाल ध्यानात ठेवावा. दहिसर पूर्वेच्या पांचाळी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगितले, की इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सोसायटीची सामायिक जागा आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडी पार्किंगची जागा सामायिकच मानली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगचे वाटप सर्वसाधारण सभेच्या धोरणाने व्हायचे असते, आणि गाड्या जास्त व जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून. सेक्रेटरीच्या मर्जीने नव्हे. तेव्हा सभेची नोटीस केराच्या टोपलीत टाकू नका. सभेला जा, प्रश्न विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. जो सभेला जात नाही त्याच्या वाट्याची जागा दुसराच वापरतो.

२०२५ साली राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा नसेल तर नवी गाडी नोंदवू नये, असा विचार मांडला. वरवर तो रास्त वाटतो. पण चाळीत राहून कर्जाने टॅक्सी किंवा टेम्पो घेणारा पोरगा पुरावा कुठून आणणार? ज्याच्या इमारतीत दोन मजले पार्किंगचे आहेत त्याला चार मोटारी, आणि ज्याचे पोट चाकावर आहे त्याला नकार, असा नियम झाला तर तो आपल्याला मान्य होणार नाही. पोटासाठी चालणाऱ्या गाड्यांना पालिकेने आधी जागा द्यावी, मग पुरावा मागावा.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपले अंगणही पाहू. विहाराच्या दारात दुचाक्या कोण लावतो? जयंतीच्या मंडपाने गल्लीचे तोंड बंद होते तेव्हा रुग्णवाहिका कुठून यायची? प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने एवढे करावे: गल्लीची एक बाजू कायम मोकळी ठेवावी, जिन्याखाली आणि वीजमीटरच्या खोलीपाशी एकही गाडी लावू देऊ नये, १०१ आणि १०८ हे क्रमांक दारावर रंगवावेत. विकास आराखड्यात आपला रस्ता किती रुंद आहे आणि प्रत्यक्षात किती उरला, हे माहिती अधिकाराचा अर्ज करून वॉर्ड ऑफिसला विचारावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. बंब अडल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा ते दहा रुपये आज खर्च करणे शहाणपणाचे.