विमानाची वेळ बदलली, तर प्रवाशाच्या हक्काचे काय?

विमानाचे तिकीट हा करार असतो. प्रवासी पैसे आधी मोजतो आणि कंपनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या विमानतळावर पोहोचवण्याचे मान्य करते. प्रवाशाने दिवस बदलला, तर त्याला शुल्क आणि भाड्यातील फरक भरावा लागतो. कंपनीने वेळ बदलली, तर बहुधा 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढा संदेश येतो. हा असमतोल डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशाने अनुभवला.

वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. देशातील सर्वांत मोठी कंपनी असलेल्या इंडिगोचे नियोजन या बदलाला पुरे पडले नाही. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत तिची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२.२० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मात्र दंड सरकारच्या तिजोरीत जातो. अडकलेल्या प्रवाशाच्या हाती काय पडते, हा प्रश्न निराळा आहे.

नियम काय सांगतो?

प्रवाशांच्या सोयीसंबंधी डीजीसीएची नियमावली २०१० पासून अस्तित्वात असून तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. उड्डाण रद्द होणार असल्यास कंपनीने ते किमान दोन आठवडे आधी कळवावे आणि प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे पर्यायी उड्डाण किंवा परतावा द्यावा, असे ती सांगते. दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण निदान २४ तास आधी कळवले तरीही हाच हक्क कायम राहतो. 'प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण निवड प्रवाशाने करायची आहे. कंपनीने परस्पर दुसऱ्या दिवशीच्या विमानात नाव टाकले म्हणून ते स्वीकारलेच पाहिजे, असे नाही. परताव्याऐवजी 'पुढच्या प्रवासासाठी जमा रक्कम' घेण्याची सक्तीही करता येत नाही.

वेळेत कळवलेच नाही, तर प्रवासी मान्य असलेले पर्यायी उड्डाण घेऊ शकतो, किंवा पूर्ण परतावा आणि वर भरपाई मागू शकतो. एका तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये, अशी भरपाईची कमाल मर्यादा आहे. मूळ भाडे व इंधन शुल्काची बेरीज यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास किंवा अधिक रखडले, तर विमानतळावर आलेल्या प्रवाशाला खाणेपिणे देणे बंधनकारक आहे. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर सहा तासांच्या आतील पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतील निवड प्रवाशाची असते.

गोडादऱ्याचा हिशेब

हे नियम सामान्य माणसाच्या प्रवासाला लावून पाहिले की त्यांतील उणिवा दिसतात. सुरतमधील गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात खानदेशातून कामासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कापड बाजार, यंत्रमाग आणि डाइंग मिल यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. अशा घरातून वर्षा-दोन वर्षांतून एखादाच विमानप्रवास घडतो. कधी गोव्याची सहल असते, कधी लग्नकार्य, कधी नोकरीची मुलाखत.

समजा, गोडादऱ्यातील एकाने सुरत–गोवा तिकीट ४,००० रुपयांना काढले आणि त्यात मूळ भाडे व इंधन शुल्क ३,२०० रुपये आहे. ऐनवेळी उड्डाण रद्द झाले. पूर्ण परतावा आणि भरपाई मिळून त्याच्या हाती ७,२०० रुपये येतील. आता दुसरे तिकीट काढायचे, तर भाव काय? ६ डिसेंबर २०२५ रोजी केंद्राने भाड्यांवर तात्पुरती मर्यादा घातली, तेव्हा ५०० ते १,००० किलोमीटरच्या टप्प्यासाठी ती १२,००० रुपये होती. सुरत–गोवा हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर असल्याने हा मार्ग त्याच टप्प्यात येतो. म्हणजे दर नियंत्रित असतानाही ४,८०० रुपयांपर्यंतची तूट प्रवाशाच्या माथी येऊ शकते. भरपाई जुन्या तिकिटाच्या किमतीला बांधलेली आहे, नुकसान मात्र नव्या तिकिटाच्या किमतीने होते. नियमातील मुख्य दोष तो हाच. इंडिगोने सर्वाधिक त्रास झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची, वर्षभर चालणारी प्रवास व्हाउचर देऊ केली. दर महिन्याला उडणाऱ्या व्यापाऱ्याला ती उपयोगी पडतील, पण दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ती कागदावरचीच मदत ठरते.

दुसरी अडचण तिकीट काढण्याच्या पद्धतीत आहे. अनेक जण गल्लीतल्या एजंटकडून तिकीट काढतात आणि बुकिंगमध्ये मोबाइल क्रमांक एजंटचाच राहतो. बदलाचा संदेश त्याच्याकडे जातो आणि प्रवासी अंधारात राहतो. संपर्काचा तपशील न देणाऱ्या प्रवाशाला भरपाई देण्याचे बंधन नियमाने कंपनीवर ठेवलेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमृतसरहून सिंगापूरला जाणारे, रात्री आठच्या सुमाराचे स्कूट कंपनीचे विमान दुपारीच सुटले आणि तीसहून अधिक प्रवासी मागे राहिले. कंपनीने ई-मेल पाठवले होते, पण एजंटने ती माहिती गटातील प्रवाशांना दिली नव्हती, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यामुळे तिकीट कोणीही काढो, त्यावर क्रमांक प्रवासी स्वतःचाच असला पाहिजे.

दोन विमानतळांचे गोवे

अमृतसरचे उदाहरण आणखी एक उणीव दाखवते. आपल्या नियमावलीत रद्द होणे, विलंब आणि प्रवेश नाकारणे यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. वेळ अलीकडे आणण्यासाठी तसे वेगळे कोष्टक नाही. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये, एका तासाहून अधिक अलीकडे आणलेले उड्डाण रद्द झाल्यासारखेच धरावे, असा निकाल दिला. अमेरिकेने २०२४ मध्ये 'मोठा बदल' म्हणजे काय, हे आकड्यांत सांगितले. देशांतर्गत उड्डाणात तीन तास आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणात सहा तास किंवा अधिक फरक पडला, वा विमानतळ बदलला, तर तो मोठा बदल ठरतो. प्रवाशाने तो नाकारला, की पैसे परत मिळतात.

विमानतळ बदलण्याचा मुद्दा गोव्याला थेट लागू होतो. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपावरून वाहतूक सुरू झाल्यापासून राज्यात दोन विमानतळ आहेत. एक पेडण्यात, दुसरा मुरगावात. काणकोणच्या माणसाने दाबोळीचे तिकीट काढले आणि नंतर उड्डाण मोपाला गेले, तर टॅक्सीचे भाडे आणि वेळ दोन्ही वाढतात. तिकिटावर 'गोवा' लिहिलेले आहे म्हणून हा बदल किरकोळ ठरत नाही.

दाद कोठे मागावी?

पहिली तक्रार कंपनीकडे लेखी करावी. बोर्डिंग पास, बदलाचा संदेश आणि टॅक्सी, हॉटेल व नव्या तिकिटाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्यानंतर केंद्राचे एअरसेवा पोर्टल आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथेही काम झाले नाही, तर ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार प्रवासी स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. गोडादऱ्याचा रहिवासी सुरतमध्ये आणि सासष्टीचा रहिवासी दक्षिण गोव्यात दाद मागू शकतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

कंपन्यांचा नेहमीचा बचाव 'आमच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थिती' हा असतो. धुके, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणातील अडथळा यांसाठी तो योग्यच आहे आणि तेव्हा भरपाई मिळत नाही. पण जवळजवळ दोन वर्षे आधी माहीत असलेल्या नियमासाठी पुरेसे वैमानिक न ठेवणे, हे या सदरात कसे बसेल? सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रेल्वेच्या चार तासांच्या विलंबामुळे विमान हुकलेल्या कुटुंबाची ३०,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. विलंबाचे समाधानकारक कारण देण्याची जबाबदारी वाहतूकदाराची आहे, हे त्या निकालाचे सार होते. विमान कंपन्यांना वेगळा न्याय असण्याचे कारण नाही.

नियमात तीन सुधारणा आवश्यक आहेत. वेळ अलीकडे आणणे आणि विमानतळ बदलणे यांना 'मोठा बदल' म्हणून आकड्यांसह स्थान मिळावे. भरपाई जुन्या भाड्याऐवजी त्या दिवशीच्या पर्यायी तिकिटाच्या दराशी जोडली जावी. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक नोंदवणे सक्तीचे व्हावे. आज वेळ बदलणे कंपनीला जवळपास फुकट पडते. त्याची किंमत तिला मोजावी लागेल, तेव्हाच वेळापत्रक छापण्यापूर्वी वैमानिकांची मोजणी होईल.