पडदा वर, हात खाली

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्यांतले कामगार कापसाच्या धुळीने धरलेली छाती घेऊन दवाखान्यात येत. आज त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांतली मुलेमुली येतात, ती मान आणि मनगट धरून. तेव्हा या नव्या यंत्राचे थोडे शरीरशास्त्र पाहू या.

कीबोर्ड आणि माऊस ही माहिती आत देणारी साधने. मॉनिटर आणि प्रिंटर ती बाहेर दाखवणारी. मधले काम सीपीयूचे. टेबलाखालच्या उभ्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो ते चूक. खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप, डोक्यावर पंखा घेऊन बसलेली. शेजारची रॅम काम चालू असेपर्यंतच लक्षात ठेवते, हार्ड डिस्क वीज गेली तरी विसरत नाही. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली चालू झाला, त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला अख्खी खोली लागे. आता हे सगळे दोन किलोच्या लॅपटॉपमध्ये मावते.

डॉक्टर म्हणून माझी तक्रार इथेच आहे. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले असतात. पडदा हवा डोळ्यांच्या पातळीला, हातभर अंतरावर. कीबोर्ड हवा कोपराच्या पातळीला. लॅपटॉप टेबलावर ठेवला की मान खाली जाते, उंचावर ठेवला की हात अधांतरी राहतात. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते, आणि ते जितके पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. हा लॅपटॉप बरोबर नेण्यासाठी बनला. रोज आठ-दहा तास त्याच्यावर वाकून बसण्यासाठी नव्हे.

त्यातून आपल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. टेबलाला जागा नाही, म्हणून कॉटवर मांडी घालून, लॅपटॉप गोधडीवर. गोधडीने हवेची भोके बुजतात, यंत्र तापते. रोज मांडीवर घेणाऱ्या काहींच्या कातडीवर तपकिरी, जाळीदार डाग उठलेले दिसतात. ती गजकर्ण नव्हे. मलम चोळत बसू नका, उष्णता थांबवा.

उपाय खर्चिक नाही. लॅपटॉपखाली जाड पुस्तकांची थप्पी किंवा स्टीलचा डबा ठेवून पडदा वर घ्या आणि वेगळा कीबोर्ड व माऊस जोडा. लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही जोडी हजार रुपयांच्या आसपास मिळते. मानेचा पट्टा आणि महिनाभराच्या गोळ्या याहून महाग पडतात. चाळिशी ओलांडलेल्या, प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांनी मात्र पडदा थोडा खालीच ठेवावा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान उलट्या बाजूने दुखते. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब पाहा.

माझे स्पष्ट मत असे की, ही जोडी कर्मचाऱ्याने पदरमोड करून घ्यावी लागू नये. २०२० च्या टाळेबंदीपासून घरी बसून काम ही अनेक ठिकाणी रीतच झाली. पन्नास हजारांचा लॅपटॉप देणाऱ्या कंपनीने हजाराच्या कीबोर्डसाठी हात आखडावा, हे न पटणारे आहे. गिरणीमालक निदान साचा कामगाराच्या घरी पाठवत नव्हते.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली नस दबते आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. कप हातातून निसटू लागला, किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर त्याच आठवड्यात दाखवा. तोवर नस बरीच दबलेली असते.