उद्या पुन्हा लावावासा वाटेल तोच व्हिडिओ चांगला

दवाखान्याच्या केसपेपरवर गोळ्यांच्या खाली एक ओळ हमखास असते: रोज अर्धा तास चालणे. ती लिहिणाऱ्याने आपली गल्ली बहुधा पाहिलेली नसते. चार फुटांची वाट, मधून गटार, दोन्ही बाजूंना पाण्याचे पिंप आणि उभ्या केलेल्या मोटारसायकली. पहाटे नळाची वेळ, मग डबे, मग कामावर धावपळ. अंधार पडल्यावर बाई एकटी चालायला निघाली तर चार तोंडं विचारणार, "कुठं निघालीस गं?" जवळ मैदान असलंच तर त्यावर कुणाचे टेम्पो उभे असतात. मग तो केसपेपर घडी होऊन रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि पुढच्या तपासणीपर्यंत तिथंच राहतो.

म्हणूनच अलीकडे वस्तीतल्या घरांत मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ लागायला लागलेत, याचा आम्हाला आनंद आहे. काही जण हसतात. "हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला कशाला?" म्हणतात. त्यांनी दोन आकडे ऐकावेत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ शरीराला लागते तेवढी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं, बायकांत ५७ टक्के. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. वस्तीत रक्तदाब आणि साखर तपासायला टेबल मांडलं की या आकड्यांतली माणसं आमच्यासमोर रांगेत उभी असतात.

"पण ताई, आम्ही दिवसभर राबतोच की!" हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार घरची धुणीभांडी करणारीला, बांधकामावर घमेली उचलणारीला 'हालचाल वाढवा' असं सांगणं हा तिचा अपमान आहे. पण राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात तीच कंबर वाकते, तेच खांदे ओढले जातात, दमलं तरी थांबता येत नाही. व्यायामात शरीर आपल्या मर्जीनं चालतं, सगळे सांधे फिरतात, थांबायचं कधी हे आपण ठरवतो. म्हणून व्हिडिओ शोधण्याआधी आपलं काम कोणतं ते बघा. दिवसभर उभं राहून, वाकून काम करणारीनं उड्यांच्या व्हिडिओच्या वाटेला जाऊच नये. तिला पाठ, खांदे, मांड्या सैल करणारा दहा-पंधरा मिनिटांचा ताण देण्याचा व्यायाम हवा. शिलाई मशीनवर किंवा पॅकिंगच्या कामाला आठ-आठ तास बसणारीला, दारावर बसून राहणाऱ्या सिक्युरिटीवाल्या भावाला आणि रिक्षावाल्याला मात्र पाय हलवणारा, दम लागेल असा व्यायाम हवा.

आता आमचं खरं मत. व्हिडिओ निवडताना पहिला प्रश्न 'यानं वजन किती उतरेल' हा नकोच. 'हा उद्या पुन्हा लावावासा वाटेल का?' हा पहिला प्रश्न. याला कारण वैद्यकीय आहे. व्यायामानं रक्तातली साखर खाली येते, पण तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेहाच्या माणसाला सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नका असं सांगतात. रविवारी एकदा जीव तोडून केलेला तासभर व्यायाम बुधवारपर्यंत पुरत नाही. रोजची वीस मिनिटं पुरतात, आणि जे आवडत नाही ते रोज कुणी करत नाही. गोळी कडू असली तरी पाण्यासोबत गिळता येते. वीस मिनिटांचा कंटाळा गिळता येत नाही.

१४ एप्रिलची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. एरवी जिना चढताना "गुडघे गेले गं" म्हणणारी मावशी त्या दिवशी निळी साडी नेसून दोन-दोन तास नाचते. घाम येतो, धाप लागते, गाल लाल होतात, आणि ती घरी जायला तयार नसते. किती मिनिटं झाली हे कुणी मोजत नाही. (डीजेच्या आवाजानं कानाचं काय होतं यावर स्वतंत्रपणे लिहू.) हृदयाला हवा असतो तो व्यायाम हाच. तेच गाणं घरात मंगळवारी लावलं तरी हृदयाला फरक कळत नाही. म्हणजे व्हिडिओ आवडेना तर व्हिडिओच हवा अशी सक्ती नाही. आवडीची चार गाणी ओळीनं लावा, नाचा, वीस मिनिटं होतात. लेझीम येत असेल तर उत्तम. फुगडी-झिम्मा तर कमरेपासून पोटरीपर्यंत सगळं कामाला लावतात, आणि ते खेळायला कुठल्या सणाची वाट बघावी लागत नाही.

झुंबाचा जन्मही असाच झाला. कोलंबियातला बेटो पेरेझ हा शिक्षक एकदा वर्गाला नेहमीची कॅसेट न घेता गेला. जवळ होती ती साल्सा आणि मेरेंगेची, म्हणजे त्याच्या मुलखातल्या नाचाची गाणी. तीच लावून त्यानं व्यायाम घेतला आणि लोकांना तोच आवडला. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, जेन फोंडा या अमेरिकन नटीची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि बायका घरच्या टीव्हीसमोर व्यायाम करू लागल्या. तिथून गाडी आपल्या हातातल्या फोनपर्यंत आली आहे.

आता निवडायचं कसं? व्हिडिओ लावला की लगेच उभ्या राहू नका. चहा पिता पिता बसून पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. शिकवणारीचे पाय दिसतात का? सारखं चेहरा आणि पोट दाखवणारा कॅमेरा आपल्या काही कामाचा नाही. सुरुवातीला अंग हळूहळू गरम करते की पहिल्या मिनिटाला उड्या मारायला लावते? जिला जमत नाही तिच्यासाठी बाजूला कुणी सोपा प्रकार करून दाखवतं का? हे असेल तर ती शिकवणारी जाणती आहे असं समजा. तिची भाषा कळत नसेल तरी फार बिघडत नाही. पाय बघून चालता येतं.

'सात दिवसांत पोट सपाट' असं नाव दिसलं की पुढे सरका. पोटाचेच व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरत नाही, शरीर असं जागा निवडून चरबी जाळत नाही. व्हिडिओच्या मधेच कुणी पावडरचा डबा दाखवू लागला तर तो दुकानदार आहे, शिक्षक नाही. आणि एक गोष्ट आम्हाला विशेष खटकते. ओरडणारे, "लाज वाटत नाही का या शरीराची" अशा सुरात बोलणारे शिक्षक. आपल्या माणसांनी लाज लावणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ ऐकली. आता स्वतःचा डेटा खर्चून तीच घरात कशाला बोलवायची? आपल्यासारखी जाड, सावळी, चाळिशीची, मधेच हसून "चुकलं माझं" म्हणणारी शिकवणारी शोधा. आहेत अशा. मराठीत आहेत, हिंदीत तर पुष्कळ.

दहा बाय दहाच्या खोलीसाठी आम्ही जागेवर चालण्याचे व्हिडिओ सुचवतो. अमेरिकेतल्या लेस्ली सॅनसोन या बाईंनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यात चारच पावलं आहेत: जागेवर चालणे, एक पाऊल बाजूला टाकणे, पाय पुढे हलकेच झटकणे, गुडघा वर उचलणे. बस. खाट आणि मिश्रीच्या डब्याचं कपाट यांच्या मधल्या पट्ट्यातही ती बसतात. खाली कुणाचं घर असेल, वरती पत्र्याचा माळा असेल, तरी धपधप होत नाही. सासूबाईंना खुर्चीवर बसून करायचे व्हिडिओ लावून द्या. चांगल्या खुर्चीच्या व्यायामानं वय झालेल्या माणसालाही घाम येतो.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगते, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. मध्यम दम ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. बोलायलाही शब्द फुटेना, तो जोराचा. १५० मिनिटं एका दमात नकोत, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा केली तरी तीही धरली जातात. ताकदीसाठी भिंतीला हात टेकून दंड काढा, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. डंबेल विकत आणू नका.

आता ज्या गोष्टी बायका दवाखान्यातही कुजबुजत सांगतात त्या. उडी मारली की लघवीचे थेंब जातात, हे बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं. लाजेनं व्यायाम सोडू नका. उड्या नसलेला व्हिडिओ घ्या आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा आवळून सोडायची सवय लावा. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर मात्र आधी दवाखाना, जड उचलणं आणि उड्या बंद. सिझेरियननंतर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाचे व्यायाम नकोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. थोड्या हालचालीत धाप लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर व्यायामाआधी रक्त तपासा, नाहीतर दोष बिचाऱ्या व्हिडिओला जातो.

विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगतो. आपल्या समाजातही सिकलसेल आहे. हा आजार असलेल्या मुलामुलींनी अंग मोडेपर्यंत व्यायाम करू नये, उन्हाच्या वेळी तर नाहीच. मधे मधे पाणी, मधे मधे बसणं, आणि काय करायचं ते डॉक्टरांना विचारून. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको. हात थरथरले, थंड घाम आला की लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर तो खाली आणल्याशिवाय सुरुवात करू नका. छातीत दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं तर "गॅस असेल" म्हणत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

कपड्याला खर्च नको. गाऊन पायात अडकतो, त्यापेक्षा पंजाबी ड्रेस बरा, ओढणी बाजूला. ओल्या फरशीवर आणि मोजे घालून फरशीवर कधीच नको.

राहिला फोन. याच पाहणीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की स्वतः वापरते असा मोबाईल आमच्याकडे आहे. उरलेल्या घरांत फोन नवऱ्याच्या खिशात नाहीतर मुलाच्या हातात. म्हणजे व्हिडिओ कितीही चांगला असला तरी आधी फोन अर्धा तास मिळाला पाहिजे, आणि तो अर्धा तास मागायला बाईला अजून संकोच वाटतो. वाटू नये. घरात सर्वांसमोर वेळ ठरवून घ्या: रोज अमुक ते अमुक फोन आईचा. दिवसाचा डेटा उरला असेल तेव्हा रात्री व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, युट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंखाली तसं बटण असतं. मग सकाळी नेट लागत नाही. आणि भावांनो, ती व्यायाम करत असताना "जरा चहा टाक" म्हणू नका. जमल्यास शेजारी उभे राहा. हृदयविकार तुम्हालाही सोडत नाही.

घरात व्यायाम करा असं सांगताना एक धोका आम्हाला दिसतो. उद्या नगरसेवक म्हणेल, सगळं मोबाईलवर आहे, मैदान कशाला? वस्तीतली मोकळी जागा, दिवे लागलेला रस्ता, चालण्याजोगा फुटपाथ या मागण्या व्हिडिओमुळे एक इंचही मागे जाता कामा नयेत. विकास आराखड्यात आपल्या वस्तीजवळ खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या.

तोवर विहाराचा हॉल सकाळी रिकामा असतो. तिथं टीव्ही असेल तर फोनच्या छोट्या पडद्यापेक्षा पाय नीट दिसतात, आणि दहाजणी जमल्या की कंटाळाही कमी येतो. व्हिडिओ कोणता लावायचा हे एकीनंच ठरवू नये, रोज पाळी बदला. जिचे गुडघे सर्वांत जास्त दुखतात तिची पाळी पहिली लावा.