विमानतळाची बस : गाडी कोणती, वाट कोणती?

आमच्या मराठवाड्यातील पुष्कळ घरांत आज एखादा मुलगा अथवा मुलगी परदेशी असते, आणि दोनचार वर्षांनी एकदा आईबापांस त्यांच्याकडे जाण्याचा योग येतो. ह्या प्रवासातील अवघड टप्पा कोणता, असे विचारले तर नवखा मनुष्य समुद्रापलीकडील पंधरासोळा तासांच्या उड्डाणाकडे बोट दाखवील. जाऊन आलेली मंडळी निराळेच उत्तर देतात. विमानात एकदा बसले म्हणजे जेवण जागेवर येते, निजावयास पांघरूण मिळते, वाट चुकण्याची तर सोयच नसते. खरी कसोटी लागते ती जमिनीवर. परभणीकडून अहिल्यानगरमार्गे पुण्यास जाणारी एसटी वाघोली, खराडी, विमाननगरचा कोपरा व येरवडा असे करीत शहरात शिरते. लोहगावचे विमानतळ ह्या नगर रस्त्याच्या उत्तरेस अगदी थोड्या अंतरावर आहे. तेथे पहाटेच्या अंधारात उतरावयाचे, चार मोठ्या पेट्या पदपथावर मांडून त्यांच्याभोवती उभे राहावयाचे, आणि येईल त्या रिक्षावाल्याशी भावाची घासाघीस करावयाची, ह्यात सत्तरीच्या जोडप्याची जी त्रेधा उडते ती सर्व उड्डाणात उडत नाही.

म्हणून विमानतळास जाणारी बस कोणती असावी व कोणत्या वाटेने जावी, हा प्रश्न केवळ नगरपालिकांचा व वाहतूक खात्यांचा नव्हे, घरगृहस्थीचाही आहे, असे समजून ह्या महिन्यात त्याचा विचार करू.

आमच्या भागाला ह्या विषयाचा वारसा नाही असे मात्र कोणी समजू नये. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, १९३२ च्या जून महिन्यात, तेथील सरकारी रेल्वेने आपले स्वतःचे मोटार खाते काढले व २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्या भांडवलावर काम सुरू केले. सरकारने स्वतः चालविलेली प्रवासी मोटारसेवा म्हणून हिंदुस्थानातील ही पहिलीच समजली जाते. आगगाडी व मोटार एकाच खात्याच्या हाती, ही त्यातील ध्यानात धरण्याजोगी गोष्ट. योगायोग असा की त्याच वर्षी, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा ह्यांनी टपालाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणून उतरविले. मोटार आणि विमान ही दोन्ही आपल्याकडे अशी एकाच सालची भावंडे आहेत. पण नव्वदांहून अधिक वर्षे लोटली तरी त्यांची एकमेकांशी नीट गाठ पडलेली नाही.

विमानतळाच्या बसचा विचार प्रथम अंतरावरून करावा लागतो. बंगळूरचे जुने विमानतळ शहरातच होते. २००८ च्या मे महिन्यात नवे विमानतळ देवनहळ्ळीस, शहराच्या मध्यापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये हैदराबादचे विमानतळही बेगमपेठेतून उठून शमशाबादला गेले. दोन्ही शहरांनी मग विमानतळासाठी निराळ्या बसगाड्या ठेवल्या. बंगळूरने आपल्या सेवेस ‘वायुवज्र’ असे नाव दिले, हैदराबादने ‘पुष्पक’. नावे ठेवण्यात आमचे शेजारी रसिक आहेत, हे कबूल केले पाहिजे. इतक्या दूर भाड्याच्या मोटारीने जाण्यास इतका पैसा पडतो की चांगल्या बसला उतारू आपोआप मिळतात, आणि तास-दीड तासाच्या प्रवासासाठी वीस मिनिटे थांबावे लागले तरी कोणी कुरकुर करीत नाही.

पुण्याची गोष्ट उलट आहे. लोहगाव हे पुणे स्थानकापासून दहा किलोमीटरांच्या आतबाहेर. पीएमपीने २०२० साली विमानतळासाठी ‘अभि’ ह्या नावाने वातानुकूलित विजेच्या बसगाड्या सोडल्या, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु विमानतळ जवळ असणे हीच तेथील बसची अडचण आहे. अर्ध्या तासाच्या वाटेसाठी अर्धा तास बसची वाट पाहावयाची असेल तर मनुष्य दुसऱ्या क्षणी रिक्षा बोलावतो. म्हणजे विमानतळ जितके जवळ तितकी बस अधिक वेळा सुटली पाहिजे. वरवर पाहता हे उफराटे वाटते. पण हिशेब करून पाहावा.

शाळेत त्रैराशिक घालतात त्याच पद्धतीने पाहू. समजा, एका मार्गावर जाऊन येण्यास, दोन्ही टोकांच्या विसाव्यासह, दोन तास लागतात. दर वीस मिनिटांस एक गाडी सोडावयाची तर त्या मार्गास सहा गाड्या हव्यात. आपणाजवळ तीस गाड्या आहेत, तेव्हा असे पाच मार्ग नीट चालतील. आता प्रत्येक उपनगरातून अर्ज आला की आमच्या दारावरूनही विमानतळाची गाडी गेली पाहिजे, आणि खात्याने सर्वांचे मन राखण्यासाठी पाचाचे पंधरा मार्ग केले. गाड्या त्याच, चालक तेच, खर्च तोच. परंतु मार्गाच्या वाट्यास आता दोनच गाड्या येतात आणि फेरी तासाने एक सुटते. नकाशा भरगच्च दिसतो, थांब्यावरचा मनुष्य मात्र ताटकळतो. सरासरीने पाहिले तर दहा मिनिटांचे थांबणे तीस मिनिटांवर गेले. पण विमानाचा उतारू सरासरीवर विसंबत नाही. एक गाडी न आली तर पुढची गाडी कधी, एवढेच तो पाहतो. गाडी वीस मिनिटांची असेल तर तो वीस मिनिटे हाताशी ठेवून निघतो. तासाची असेल तर शहाणा मनुष्य आदल्याच गाडीने जातो आणि विमानतळावर तासभर जांभया देतो, नाहीतर बसचा नाद सोडून देतो. दुसरा प्रकारच अधिक घडतो, आणि मग ‘ह्या मार्गास प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून फेरी बंद होते.

ह्यावर कोणी म्हणेल की मार्ग थोडे ठेवले तर म्हाताऱ्या माणसांस घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत रिक्षा करावी लागेल. लागेल खरी. तरीही माझे मत थोड्या, सरळ व वारंवार सुटणाऱ्या मार्गांच्याच बाजूचे आहे. पाव कोसाची रिक्षा कोणत्याही वेळी मिळते व भाव फारसा चढत नाही. दारावरून जाणारी पण केव्हा येईल ते न सांगणारी बस असून नसल्यासारखी.

थांब्यांविषयी पुष्पकाचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. येथे हैदराबादचे नव्हे, मूळचे पुष्पक अभिप्रेत आहे. लंकेहून अयोध्येस परतताना रामचंद्रांस वेळेची मोठी निकड होती. चौदा वर्षांची मुदत एका दिवसाने जरी टळली तरी भरत अग्निप्रवेश करणार होता. तरीही सीतेच्या इच्छेवरून ते विमान किष्किंधेस थांबले व वानरस्त्रियांस बरोबर घेतले. ते थांबू शकले, कारण किष्किंधा वाटेवर होती. आमच्या बसगाड्या थांबतात त्याबद्दल तक्रार नाही. त्या थांबण्यासाठी वाट सोडून गल्लीत शिरतात, वळसा घालतात आणि पुन्हा मूळ रस्त्यावर येतात, त्यात प्रत्येक वळशास दहा मिनिटे जातात.

बरे, पाच मार्ग तरी कोणते? नकाशावर पट्टी ठेवून ते ठरत नाहीत. विमानतळाच्या दारात आठवडाभर, रात्रंदिवस, माणसे उभी करावीत व आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकास ‘कोठून आलात, कशाने आलात, कोठे जाणार’ एवढेच विचारावे. ह्या विचारपुशीत एक वर्ग सहसा सुटतो, तो म्हणजे विमानतळावर काम करणाऱ्यांचा. झाडणारे, पहारा करणारे, सामान उचलणारे, उपाहारगृहांतील मुले, तिकिटांच्या खिडकीवरच्या मुली, ह्यांची संख्या मोठी असते आणि ती माणसे रोज येतात. उतारू वर्षातून एकदा-दोनदा येतो. कामकऱ्यांस पाळीप्रमाणे पहाटे व मध्यरात्री जावेयावे लागते, बरोबर पेटी नसते, आणि विमानाच्या उतारूसाठी ठरविलेले भाडे त्यांस रोज परवडत नाही. त्यांस मासिक पास दिला तर गाडी बारमाही भरलेली राहील व तिच्या आधाराने आपणा नैमित्तिक उतारूंसही रात्रीची फेरी मिळेल. गाडी केवळ पेटीवाल्यांसाठी ठेवली की ती रिकामी धावते. आणि रात्री रिकाम्या गाडीत एकट्या स्त्रीस बसण्याचा धीर होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता गाडीविषयी. नेहमीची शहरातील बस उभ्याने जाणाऱ्यांच्या सोयीची असते; लांब पल्ल्याची बस बसून जाणाऱ्यांच्या. विमानाच्या उतारूचे दोन्हींत भागत नाही, कारण त्याच्याबरोबर त्याच्याहून अवजड असे सामान असते. अमेरिकेस जाणाऱ्यास बहुधा तेवीस किलोच्या दोन पेट्या नेता येतात, आणि आपल्याकडील आया एक किलोही फुकट जाऊ देत नाहीत. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लोणच्याच्या बरण्या, सर्व काट्यावर तोलून भरलेले असते. नवराबायकोचे मिळून जवळजवळ अडीच मण झाले. आराम गाडीत ते पोटातील कप्प्यात जाते व वर सुखाने बसता येते. पण त्या गाडीची जमीन उंच, पायऱ्या तीनचार व उभ्या, आणि प्रत्येक थांब्यावर खाली उतरून कप्पा उघडण्यात वेळ जातो. खालच्या जमिनीच्या शहरी बसमध्ये, जिची जमीन रस्त्यापासून सुमारे ४०० मिलिमीटरांवर असते, चाकाची पेटी पदपथावरून जवळजवळ सरळ आत ढकलता येते. काही गाड्यांत तर थांब्यावर हवा सोडून दाराची बाजू खाली झुकविण्याची सोय असते. सामान लादताना उंट गुडघे टेकतो तशी गाडी टेकते. अशा गाडीत दाराजवळची काही बाके काढून तेथे सामानाची मांडणी केली म्हणजे झाले. बाके कमी झाल्याने आठदहा उतारू कमी बसतील, हा तोटा पत्करला पाहिजे. शहरातील अनेक थांब्यांच्या मार्गास हीच गाडी योग्य होय. मध्ये न थांबता दूर जाणाऱ्या मार्गास पोटात कप्पा असलेली चालेल, पण मग जपानी लोकांची रीत घ्यावी. तोक्योच्या विमानतळ-बसवर माणूस पेटीला चिठ्ठी बांधतो, तिचा तुकडा उतारूच्या हातात देतो, पेटी स्वतः आत ठेवतो व उतरताना तुकडा पाहून परत देतो. आपल्याकडे ‘ती निळी माझी, ती निळी माझी’ असा जो कोलाहल होतो तो तेथे होत नाही.

विजेच्या गाड्या आल्या हे उत्तम. त्यांस धूर नाही, आवाज नाही. हैदराबादच्या विमानतळाकडे त्या २०१९ पासून धावत आहेत. येथे एकच गोष्ट सांभाळावी लागते. ह्या गाड्यांचे विद्युत्संच रात्री आगारात भरून घेण्याची रीत आहे, कारण शहर रात्री झोपते. विमानतळ झोपत नाही. तेव्हा विमानतळाच्या गाड्यांनी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, पाळीपाळीने विसावा घ्यावा, आणि त्यासाठी तीसांवर चारदोन गाड्या जास्तीच्या हव्यात. हे गणित आधी केले नाही तर पहाटेची फेरीच प्रथम रद्द होते, आणि नेमकी तीच आपणास हवी असते.

शेवटचा मुद्दा आम्हा बाहेरगावच्या लोकांचा. इंग्लंडात रेडिंग स्थानकावरून हीथ्रो विमानतळास जाणारी बस १९६७ पासून आहे. पश्चिमेकडील उतारूंनी लंडनमध्ये शिरून पुन्हा मागे येऊ नये, आगगाडीतून उतरून त्याच आवारात बसमध्ये बसावे, ही तिची योजना. पुण्यात मेट्रो २०२४ च्या मार्चमध्ये नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आली. आता विमानतळाच्या मोठ्या बसगाड्यांनी साऱ्या शहरातून फिरण्यापेक्षा, रामवाडी व नगर रस्त्यावरील एसटीचा एक थांबा ह्यांस जोडून लहान गाडी दर दहा मिनिटांनी विमानतळास फिरती ठेवली तर शहरवासी व मराठवाड्यातून येणारे अशा दोघांचेही काम होईल. त्या थांब्यावर दिवा, बाक व छप्पर एवढे असले तरी पुरे.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ८ ऑक्टोबरला झाले व डिसेंबरअखेरीस तेथून विमाने उडू लागली. नांदेडहून निघून परभणी, परळी, लातूर, पुणे असे करीत पनवेलला जाणारी आगगाडी आमच्या लोकांस नवी नाही, आणि पनवेल स्थानक ह्या विमानतळाच्या जवळचे. तेथे आगगाडीच्या वेळेशी सांगड घालून बस ठेवण्यास फार मोठ्या योजनेची गरज नाही. स्थानकाच्या दारासमोर उभी राहण्याची जागा, सामानाची मांडणी असलेल्या दोन गाड्या, आणि वेळापत्रकाच्या तळाशी एक ओळ : आगगाडी उशिरा आल्यास बस थांबेल.