दोष कोणाच्या बाजूचा?

ज्या घरांतील कोणी कर्तें माणूस कुवेतला अगर लंडनला आहे, त्या घरीं रविवारचें इंटरनेटवरील संभाषण म्हणजे एक लहानसा सणच होय. परंतु 'ऐकूं येत नाहीं', 'आवाज तुटतो' यांतच अर्धा वेळ जातो, आणि शेवटीं यंत्रास किंवा समोरच्या माणसास दोष देऊन फोन ठेवला जातो. आमचें मत असें कीं, हा वैताग बहुतांशीं टाळतां येण्याजोगा आहे. मात्र दोष शोधण्याची रीत ठाऊक असली पाहिजे, आणि प्रथम आपल्याच बाजूकडे पाहण्याची तयारी पाहिजे.

या संभाषणांत आवाज अखंड जात नाहीं. त्याचे बहुधा २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदास ५०, असे तुकडे करून ते एकामागून एक रवाना होतात. कांहीं तुकडे वाटेंत हरवले अगर उशिरां पोंचले, म्हणजे शब्द तुटतात. नुसत्या आवाजास सेकंदाला १०० किलोबिटही लागत नाहींत. यास्तव केवळ अधिक वेगाचें महाग कनेक्शन घेतल्यानें दोष जाईलच असें नाहीं. तुकडे नियमितपणें पोंचणें हें खरें महत्त्वाचें. म्हणून वायफायच्या यंत्राजवळ बसावें, घरांत इतरांनीं लावलेले चित्रपट थोडा वेळ थांबवावे, आणि व्हिडिओ बंद करून केवळ आवाज ठेवावा.

प्रतिध्वनीची गोष्ट तर विशेष बोधप्रद आहे. आपलेच शब्द आपणांस परत ऐकूं आले, तर दोष बहुधा समोरच्या बाजूस असतो. तेथील स्पीकरांतून निघालेला आपला आवाज तेथील मायक्रोफोनांत शिरून माघारी येतो. नवल हें कीं, ज्याच्या घरीं दोष आहे त्याला तो मुळींच ऐकूं येत नाहीं! स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां ज्याला प्रतिध्वनि ऐकूं येतो त्यानें न रागावतां तसें सांगावें, आणि दुसऱ्यानें न रुसतां कानांत इअरफोन घालावे किंवा स्पीकरचा आवाज कमी करावा.

आपला आवाज पलीकडे मुळींच जात नसेल, तर तीन गोष्टी क्रमानें पाहाव्या: मायक्रोफोन बंद तर नाहीं ना, ॲपला तो वापरण्याची परवानगी दिली आहे ना, आणि शेजारच्या खोलींत पडलेल्या ब्लूटूथ हेडफोनाशीं फोन जोडलेला तर नाहीं ना. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार एकदम बदलल्यास गुण कशानें आला तें कळत नाहीं. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर तिसऱ्या एखाद्या परिचितास फोन करावा. तेथेंही तीच रड असेल, तर दोष बहुधा आपल्याच घरचा समजावा.

विद्यार्थिमित्रहो, विज्ञानाच्या तासाला शिकलेली पद्धति केवळ परीक्षेपुरती नव्हे. आजीला मुलाचा आवाज ऐकूं येईनासा झाला, तर तिच्या हातांतून फोन हिसकावून घेऊं नका. एक एक पायरी तिला समजावून सांगा, म्हणजे पुढच्या वेळीं ती स्वतःच तें करूं शकेल. दूरदेशीं राबणाऱ्या माणसाचा शब्द घरापर्यंत नीट पोंचविणें, ही कांहीं लहान सेवा नव्हे.