शंभरातले दोन हिरवे दाणे

सप्टेंबर उजाडला की कॅनडाच्या सस्कॅचवान, मॅनिटोबा प्रांतांतले शेतकरी पहाटेच्या पाऱ्याकडे डोळे लावून बसतात. कॅनोला हे तेलबियांचे पीक पुरते पिकण्याआधी कडाक्याचे हिम पडले, तर दाण्यातले हरितद्रव्य उतरत नाही. तेल हिरवट निघते आणि ते शुद्ध करण्याचा खर्च शेतकऱ्याच्या भावातून कापला जातो. परीक्षा साधी, पण निष्ठुर. चिकटपट्टीवर शंभर दाणे घ्यायचे, रूळ फिरवून चिरडायचे आणि हिरवे मोजायचे. दोन टक्क्यांच्या वर गेले की पहिली प्रत हुकली. मॅनिटोबातल्या सोयाबीनलाही शेंगा भरण्याआधीचे हिम सोसत नाही.

हिमातून वाचलेला मालही सुटतोच असे नाही. ऑगस्ट 2025मध्ये, ऐन सुगीच्या तोंडावर, चीनने कॅनडाच्या कॅनोला दाण्यावर 75.8 टक्के आयातशुल्काची अनामत लादली. तेल आणि पेंडीवर मार्चपासूनच 100 टक्के कर होता. मूळ तंटा विजेवरच्या मोटारी आणि पोलादाचा; भुर्दंड मात्र मोहरीच्या या भाईबंदाला!

लातूरच्या सोयाबीन उत्पादकाला ऐन मोसमातला असा सरकारी फटका नवा नाही. त्याच वर्षी मेअखेर, पेरणी तोंडावर असताना, केंद्राने कच्च्या खाद्यतेलाचे मूळ आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले. पुढे सुगीत क्विंटलला 5,328 रुपये हमीभाव असूनही बाजार त्याखालीच राहिला. शुल्कात फेरफार करायचाच, तर तो बियाणे खरेदीच्या बऱ्याच आधी जाहीर व्हावा आणि हमीभावाची खरेदी केंद्रे दिवाळीपूर्वीच सुरू व्हावीत.